शेवटच्या नावाचे पाच तास

हे प्रकरण मी दोनदा लिहून फाडलं. दोन्ही वेळा सुरुवात देवकी मॅडमच्या मोठेपणापासून केली होती, आणि ते सांगता सांगता माझी चूक पाचव्या-सहाव्या पानावर एका वाक्यात उरकली जात होती. म्हणून आता आधी तेच. आमच्या गावच्या तळ्याचं पाणी कोणाच्या धानाला किती तास सोडायचं, हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. तो बरोबर चालतो की नाही हे कागदावर तपासण्याचं कामही माझंच होतं. यादीत एकतीस नावं होती. पहिली चार मी तपासली. उरलेल्या सत्तावीस ओळी रेल्वेच्या डब्यात बसून मनाने भरल्या आणि खाली 'तपासले' असं लिहून सही केली. त्या सहीमुळे पारबताबाईचं उभं धान पोचट गेलं, आणि मॅडमनी भर सभेत उभं राहून ती चूक स्वतःची म्हणून सांगितली. मी तिथेच सतरंजीवर, माझ्या वडिलांच्या, बाबूजींच्या शेजारी बसलो होतो. मी काही बोललो नाही. त्यानंतर अकरा वर्षं बोललो नाही.

आमचं गाव आमगावपासून सायकलने पाऊण तासावर. गावाच्या वरच्या अंगाला तळं, तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमची शेती. हे तळं आमच्या खापरपणजोबांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी बांधलं, असं आमच्या घरात रोज नाही तर दिवसाआड तरी ऐकू यायचं. पाट तिथून निघून गावाला वळसा घालतो आणि खालच्या अंगाला बौद्ध वस्तीपाशी संपतो. मॅडम त्या वस्तीतल्या. एका शेतमजुराची मुलगी. गावात चौथीपर्यंत शिकल्या, मग नागपूरच्या वसतिगृहात, मग मुंबईत. देशातले कम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके होते आणि एकेक कम्प्युटर एका दालनाएवढा होता, त्या काळात त्या एका संशोधन संस्थेत आकडेमोड करणाऱ्या मदतनीस म्हणून लागल्या. माणसाने लिहिलेलं यंत्राला कळेल अशा खुणांमध्ये उतरवून देणारे प्रोग्राम आपल्याकडे ज्या थोड्या लोकांनी अगदी आधी लिहिले, त्यांत त्या होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं देशात-परदेशात मोठमोठे विभाग चालवत होती. गावाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. सदाशिवची देवका मुंबईत मशीनवर बसते, एवढंच गावाला माहीत. माझ्या मायला तर कितीतरी वर्षं ते शिलाईचं मशीन वाटायचं.

त्या परत आल्या तेव्हा मी गोंदियाच्या कॉलेजात बीएस्सीला होतो. रोज सकाळच्या गाडीने जायचं, दुपारच्या गाडीने यायचं. मॅडमनी भावाच्या घरालगत दोन खोल्या आणि एक पडवी बांधली, पडवीत टेबलावर एक कम्प्युटर ठेवला आणि वस्तीतल्या नळावर सांगून टाकलं, ज्याला शिकायचं त्याने यावं. आधी पंधरा-वीस जण गेले. आठ दिवसांत दोघं उरलो, त्यांची भाची छाया आणि मी. कारण मॅडम कम्प्युटरला हातच लावू देत नसत. गावात लाइन, म्हणजे वीज, दिवसातून चार-पाच तास असायची, पण त्यांना लाइनचं काहीच वाटत नसे. त्या आम्हाला चटईवर बसवायच्या आणि मधोमध रिकाम्या काड्यापेट्यांची रांग मांडायच्या. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी चिकटवून नाव लिहिलेलं. आत कागदाचा तुकडा, त्यावर एक आकडा. आमच्यापैकी एकाने प्रोग्रामची ओळ वाचायची, दुसऱ्याने यंत्र व्हायचं. यंत्राने डोकं चालवायचं नाही. ओळ म्हणेल तीच पेटी उघडायची, म्हणेल तोच आकडा खोडायचा, नवा लिहायचा, पेटी बंद करायची, आणि तक्त्यात नोंद करायची. ह्याला त्या कोरडा फेरा म्हणत.

"डोकं चालवलंस," त्या म्हणायच्या. माझा हात नुसता पुढच्या पेटीकडे सरकला तरी त्यांना कळायचं. "तुला उत्तर ठाऊक आहे म्हणून तू तिकडे निघालास. यंत्राला ठाऊक नसतं."

"पण मॅडम, उत्तर तर तेच येणार आहे."

"मग येऊ दे की. घाई कोणाला आहे? गाडी सुटून राहिली का तुझी?"

रागावल्या किंवा खुशीत आल्या की त्यांच्या मुंबईच्या मराठीत आमची झाडीबोली अशी मधूनच डोकं वर काढायची. छाया फिसकन हसायची. मग मॅडम सांगायच्या, की त्यांच्या वेळी प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहावा लागे. कार्डांचा गठ्ठा संध्याकाळी खिडकीतून आत द्यायचा, उत्तर दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला की तो दिवस गेला. "म्हणून आम्ही कागदावर दहा वेळा चालवून बघायचो. आणि बघताना शेवटच्या नावापासून सुरुवात करायची. मधलं आपोआप नीट येतं. चूक नेहमी कडेला जाऊन बसते." फेरा पुरा झाला की यंत्र झालेल्याने तक्त्याखाली सही करायची. ती सही मॅडम शेवटची मानत. पुन्हा स्वतः तपासत नसत. "सहीवर विश्वास ठेवायचा नसेल तर सही कशाला घ्यायची?"

त्या पडवीचा वास मला आजही येतो. शेणाने सारवलेली जमीन, उदबत्ती, आणि तव्यावर परतलेले तळ्यातले झिंगे. चारच्या सुमाराला छायाची आई मुरमुऱ्यांत जवसाची चटणी कालवून आणायची आणि पितळी पेल्यात बिनदुधाचा चहा. घरी गेलो की माय विचारायची, "काही खाल्लंस का गा तिथं?" मी नाही म्हणायचो. तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. ती पायरीवर पाण्याची बादली ठेवायची, मी हातपाय धुऊन आत जायचो, मग लाखोळीच्या डाळीचं वरण आणि मोकळा भात ताटात पडायचा. खोटं बोलायचं एक वळण मला त्या बादलीपाशी लागलं असं आता वाटतं. पण ही सबब आहे. अशा बादलीपाशी छाया मोठी झाली असती, तरी तिने खोटी सही केली नसती.

एकदा मी मॅडमना विचारलं, तुम्हाला ह्या यंत्रात काय आवडलं होतं? त्यांनी काड्यापेट्या गोळा करता करता सांगितलं. "मी नोकरीला लागले तेव्हा मी आत आले की एक बाई खिडकी उघडायच्या. रोज. काही बोलायच्या नाहीत, फक्त खिडकी उघडायच्या. मी यंत्रापाशी जायची. त्याला मी कोणाची ते कळत नव्हतं. मी चुकले तर चूक दाखवायचं, बरोबर असले तर उत्तर द्यायचं. मला एवढंच पाहिजे होतं."

तळ्याचं पाणी ह्या यंत्राने वाटावं, ही कल्पना त्यांची. आमच्याकडे धान पावसावर वाढतं, पण आश्विनात, लोंबी बाहेर पडते तेव्हा, पाऊस निघून गेलेला असतो. तेव्हा तळ्याचं एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर लोंबी नुसती उभी राहते. ते पाणी वाटायला गावाचा पाणकर असतो. तळ्याच्या गेटाची चावी त्याच्याकडे. आमचे सुखराम पाणकर म्हातारे झाले होते, दिसायचं कमी झालं होतं, आणि दर वर्षी पाटावर डोकी फुटायची वेळ येत होती. सभेत मॅडमनी सांगितलं की सगळ्यांचे तास लिहून घेऊ, कम्प्युटर यादी काढेल, यादी चावडीवर लागेल, पाणकर यादीप्रमाणे गेट उघडेल. पाणी समितीचे अध्यक्ष बाबूजी होते. ते कबूल होतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण त्यांनी मिशीवर हात फिरवून माझ्याकडे बोट केलं आणि सभेला सांगितलं, "आपला मुरलीच लिहून राहिला ना. होऊन जाऊ द्या."

तास लिहून घ्यायला सुखराम डोकरा तीन दुपारी मॅडमच्या पडवीत बसला. डोळे मिटून एकेक नाव घ्यायचा, एकेक बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, सांगायचा. मी लिहायचो. शेवटी पारबताबाईचं नाव आलं. तिची बांधी सगळ्यांत शेवटी, मुरमाड पट्टीच्या पलीकडे. पारबताबाई मॅडमची बालमैत्रीण; दोघी चौथीपर्यंत एका पाटीवर शिकल्या, मग ही धानाच्या रोवणीला जाऊ लागली आणि ती नागपूरला गेली.

"पारबताचे सहा घंटे," सुखराम म्हणाला. "अन् पाच पाटाचे."

"पाटाचे म्हणजे?" मी विचारलं.

"मुरमाड पानी पेते ना बापा. पाच घंटे तर पाटच पेते. आधी त्याले पाजा लागते, मंग तिच्या बांधीत पानी जाते. सहा अन् पाच, अकरा."

मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या पुढे सरकल्या. "सुखरामभाऊ, हे पाच तास तिला कोणत्या वर्षी दिले?"

डोकऱ्याने डोळे उघडले. "डोक्यात होते जी. देल्ले कधी नाही. वरून सांगत, बंद कर, तं मी बंद करो."

वरून म्हणजे आमच्याकडून. मॅडमनी माझ्या वहीकडे बोट केलं. "लिही. सहा, आणि वेगळ्या रकान्यात पाच." मी लिहिले. त्या दिवशी संध्याकाळी त्या पारबताबाईच्या दारात उभ्या राहून मोठ्याने सांगत होत्या, "ह्या वर्षी अकरा तास आहेत व तुझे, पारबता! कागदावर!" आणि पारबताबाई हातातलं सूप न थांबवता म्हणाली, "कागदावर पानी येते का व, देवका?"

प्रोग्राम मी आठ दिवसांत लिहिला. त्यात नक्की काय चुकलं ते सांगतो, कारण चूक अवघड नव्हती. मी असं लिहिलं होतं, की यंत्राने पुढचं नाव वाचलं की आधीच्या नावाचे तास पक्के करायचे, आणि पक्के करताना पाटाचे तास त्यात मिळवायचे. तीस नावांना ते बरोबर लागू पडत होतं. एकतिसाव्या नावानंतर पुढचं नावच नव्हतं. म्हणून पारबताबाईचे पाटाचे तास मिळवलेच गेले नाहीत. तिच्यापुढे सहा उरले. शेवटच्या नावापासून कोरडा फेरा केला असता तर पहिल्या काड्यापेटीत हे दिसलं असतं.

छाया मामाकडे गेली होती, त्यामुळे फेरा मला एकट्यालाच करायचा होता. त्याच आठवड्यात गोंदियात पहिला सायबर कॅफे उघडला होता. कॉलेजातली पोरं तिथे जाऊन स्वतःचा ईमेल काढत होती, आणि मला तो त्याच दिवशी हवा होता. मॅडमना तक्ता संध्याकाळी द्यायचा होता. सकाळी पडवीत काड्यापेट्या मांडल्या, वरून सुरुवात केली, पहिलं नाव बाबूजींचं, ते बरोबर आलं. दुसरं काकांचं. चार नावं झाली, सगळी बरोबर. गाडीची वेळ झाली. मी पेट्या गोळा केल्या, तक्ता वहीत घातला, आणि आमगाव ते गोंदिया मांडीवर वही ठेवून बाकीच्या ओळी भरत गेलो. उत्तर काय यायला हवं ते मला ठाऊक होतं ना. पारबताबाईपुढे मी अकरा लिहिले. तक्त्यात अकरा आणि यंत्रात सहा. गाडी हलत होती म्हणून अक्षर वाकडं आलं, तेवढीच एक खूण. खाली सही केली. मग ईमेल काढला. त्या पत्त्यावर त्या दिवशी पत्र पाठवायला मला एकही माणूस आठवला नाही.

यादी छापताना लाइन होती. तो प्रिंटर टाचणीसारख्या सुयांनी कागदावर टिंबं मारणारा, कर्रर्र कर्रर्र करत एकेक ओळ पुढे ढकलणारा. मॅडमनी यादी फाडून घेतली. त्यात फक्त वार, गेट उघडण्याची वेळ आणि बंद करण्याची वेळ होती. शेवटची ओळ, पारबताबाई, गुरुवार, सकाळी सहा ते दुपारी बारा. त्यांनी माझा तक्ता मागितला. मी दिला. त्यांनी सहीवर नजर टाकली आणि तक्ता फाइलीत ठेवला. आजही बँकेत किंवा एसटीच्या खिडकीत तसला प्रिंटर ऐकला की मी रांग सोडून बाहेर येतो. बायको म्हणते, तुम्हाला गर्दीचा त्रास होतो. मी हो म्हणतो.

पहिले आठ-नऊ दिवस सगळं इतकं सुरळीत चाललं की लोक पाटावर भांडायला जाऊन तसेच परत येत होते. वस्तीतल्या बाकीच्या घरांना पहिल्यांदा पुरं पाणी मिळालं. मग गुरुवार आला. सुखरामच्या हाताखाली आता त्याचा पुतण्या होता. त्याने सहाला गेट उघडलं. पाणी मुरमाड पट्टीत शिरलं आणि मुरत राहिलं. अकराला पारबताबाईच्या बांधीत पोचलं. बाराला पुतण्याने गेट बंद केलं. ती पदर खोचून धावत पाळीवर गेली. तो म्हणाला, "कागदात बारा लिहिलं आहे मावशी. बाराले बंद." ती तशीच आमच्या अंगणात आली. मी ओसरीवर जेवत होतो.

"पाटीलजी, एक घंटा पानी आलं. एक घंटा! माती भी नाही भिजली."

बाबूजी झोपाळ्यावर होते. ते शांतपणे म्हणाले, "कागदावर चालायचं ठरलं ना बाई? मी कागदाच्या बाहेर कसा जाऊ? आता सभा होईल तेव्हा पाहू." तिने माझ्याकडे पाहिलं. मदत मागायला नाही, सहज, दारात कोणी असलं तर पाहतो तसं. मी ताटातला भात कालवत राहिलो. त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं, पुढचं नाव नाही हे कळलं होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं, अकरा पाहिजेत, माझी चूक आहे, पाच तास पुन्हा उघडा. पाच तासांनी धान वाचलं असतं. सभा चार दिवसांनी झाली. आश्विनातलं ऊन तुम्ही आमच्याकडचं पाहिलं नसेल. चार दिवस खूप होतात.

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात. मागे वस्तीतली माणसं उभी. कोणीतरी म्हणालं, "मुंबईचं मशीन आहे बापा, त्याले मुरमाड कायले मालूम?" दुसरा म्हणाला, "त्याले लाखोळीचं वरन चारा, मंग आकडे बरोबर येतीन." हशा झाला. तिसरा हळूच, पण ऐकू जाईल असं बोलला, "आपल्याच माणसाचं पानी तोडलं तिनं." ह्यावर हसणारे मागे उभे असलेल्यांत पण होते, आणि तेच मॅडमना लागलं असावं. त्या उठल्या. हातात फाइल होती. त्यांनी फाइलीची दोरी सोडली. मला आतला तक्ता दिसत होता, खालची निळी सही दिसत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. मग त्यांनी दोरी परत बांधली.

"यंत्र चुकत नाही," त्या म्हणाल्या. "सांगितलं तेवढंच करतं. मी तपासलेलं मानलं आणि यादी लावली. चूक माझी आहे."

"देवका, बस व खाली," पारबताबाई मागून म्हणाली. "बस."

बाबूजी समंजसपणे हात वर करून म्हणाले, "झालं ते झालं. पुढच्या साली आपलं जुनंच चालू द्या." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आणि हेही लिहितो: मलाही हलकं वाटलं होतं. दोष दुसरीकडे जाऊन बसला, आता घरी जाऊन जेवता येईल, असं वाटलं होतं.

पुढच्या वर्षापासून जुनंच चालू झालं. यादी नाही, तास नाही, वरून 'बंद कर' म्हटलं की बंद. एका बाईचं एका वर्षाचं धान गेलं असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. गेले ते सगळ्या वस्तीचे तास गेले, आणि दर आश्विनात जात राहिले. मॅडमची पडवी उघडीच असायची, पण वस्तीतले लोक पोरांना पाठवेनात. मी शेवटचा गेलो तो पुण्याच्या एका संस्थेत प्रवेशासाठी शिफारसपत्र मागायला. होय, मी ते मागितलं. त्यांनी तिथल्या तिथे लिहून, पाकिटात घालून, चिकटवून दिलं. पुण्याला मुलाखतीत मॅडमच्या हाताखाली शिकलेल्या एका सरांनी ते उघडून वाचलं आणि हसून माझ्यासमोर धरलं. दोनच वाक्यं होती. मुलगा हुशार आहे. त्याचं काम शेवटच्या ओळीपर्यंत तपासून घ्यावं. सर म्हणाले, "मॅडमची विनोदबुद्धी अजून तशीच आहे." मला प्रवेश मिळाला. त्या दिवसापासून मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नोकरी लागली, हाताखाली माणसं आली. कोणी 'टेस्ट केलं सर' म्हणालं की मी विचारायचो, "शेवटचं नाव?" ऑफिसात मला पाठीमागे 'शेवटचे सर' म्हणतात हे मला ठाऊक होतं. गावी दिवाळीला जायचो, पण वस्तीकडच्या रस्त्याने नाही. मग एका दिवशी तीन महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी बैठकीत उभी राहिली. मोठं काही बिघडलं होतं, कारण कोणालाच कळत नव्हतं. ती म्हणाली, "सर, मी ते तपासलं नव्हतं. तपासलं असं लिहिलं. सॉरी." आणि बसली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. मी त्या बैठकीतून उठून जिन्यात जाऊन बसलो, आणि त्याच आठवड्यात गाडी पकडली.

मॅडम पडवीत खुर्चीवर होत्या. पाय सुजलेले, डोळ्यांना जाड चष्मा. छाया आता तालुक्याच्या शाळेत शिक्षिका होती, त्यांच्याजवळच राहायची. तिने मला पाणी दिलं आणि आत गेली, दार मात्र उघडं ठेवलं. मी पाठ केलेलं सगळं बोललो.

शेवटी मी म्हणालो, "तुम्ही सभेत तक्ता का दाखवला नाही?"

"तू उठशील असं वाटलं मला. म्हणून दोरी सोडायला वेळ लावला." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मग वाटलं, दुसऱ्या दिवशी येईल. नंतर मी मोजणं सोडलं."

"मला माफ करा, मॅडम."

"मला कायले मागून राहिला माफी?" त्या एकदम झाडीबोलीत म्हणाल्या. "माझं धान गेलं होतं का?"

त्यांनी छायाला हाक मारून फाइल आणवली, आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात काड्यापेट्या होत्या, चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या. तक्ता माझ्यासमोर ठेवला. "फेरा कर. शेवटच्या नावापासून." मी चटईवर बसलो. छायाने ओळी वाचल्या, मी यंत्र झालो. दुसऱ्याच मिनिटाला पारबताबाईच्या पेटीत सहा राहिले आणि पाटाच्या पेटीतले पाच तसेच पडून होते. मी तरी थांबलो नाही, एकतीस नावं पुरी केली. संपवायला पाऊण तास लागला. एवढाच वेळ लागणार होता.

पारबताबाई घराच्या ओट्यावर अंबाडी सोलत होती. मी तक्ता दाखवून सगळं सांगितलं. तिने चौथीपर्यंतच्या अक्षरओळखीने बोट ठेवत स्वतःचं नाव वाचलं, पुढचा वाकडा अकरा वाचला.

"मंग हे तं बरोबरच लिहिलं होतंस गा तू."

"खोटं लिहिलं होतं. न करता."

तिने तक्ता परत दिला. "इथं ओट्यावर काऊन सांगून राहिला मले? ती सभेत उभी होती. लोक हसले तिले, तेव्हा मी पाहून राहिली होती. सभेत सांगजो." आणि पुन्हा अंबाडी सोलायला लागली.

सभा रविवारी होती, त्या वर्षीच्या पाण्याची. तोच वऱ्हांडा. बाबूजी आता अध्यक्ष नव्हते, पण पुढची खुर्ची त्यांचीच असायची. कानाला यंत्र लावून ते बसले होते. छायाने मॅडमना ऑटोने आणून मागे खांबापाशी बसवलं होतं, शेजारी जमिनीवर पारबताबाई. विषय सुरू होण्याआधी मी उठलो. बाबूजी वळून म्हणाले, "काय गा, बस ना." मी बसलो नाही. तक्ता उघडून वर धरला आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो.

"त्या वर्षीच्या यादीत पारबताबाईंचे अकरा तास पाहिजे होते. सहा आले. तो प्रोग्राम मी लिहिला होता. तपासायचं काम माझं होतं. आमचं नाव पहिलं होतं, ते तपासलं, काकांचं तपासलं, अन् गोंदियाच्या गाडीत बसलो. खालच्या नावांकडे पाहिलंच नाही. आमच्या घरात कधी पाहत नव्हते, मी पण पाहिलं नाही. सही मात्र केली. ही माझी सही आहे. मॅडम चुकल्या नव्हत्या. त्या इथं उभ्या होत्या तेव्हा मी त्या तिथं बसलो होतो. पारबताबाई, तुमचे पाच तास माझ्यामुळे गेले, अन् त्याच्या नंतरचे सगळे पण. मॅडम, तुमचं नाव माझ्यामुळे गेलं. मी चुकलो. मला माफ करा."